टेपचं दुसरं टोक

टेपचं एक टोक माझ्याकडे,
दुसरं चंपत उईकेकडे.
तो प्रेसिंगचा जुना फिटर, आता राखणदार.
महिन्याला साडेचार हजार, एक टॉर्च
आणि ज्या कुलपाला कुणी हात लावत नाही त्याची किल्ली.

जिनिंग हॉल. लांबी?
मी वाचते, एकशे बेचाळीस फूट.
तो म्हणतो, चोवीस रेचे.
रुंदी?
दोन बाया डोक्यावर टोपलं घेऊन
एकमेकीले न घासता जातीन, इतकी.
मी लिहिते : अडतीस फूट सहा इंच.

भिंत अडीच फूट जाड.
चुना, बेलफळाचा गर, गूळ, असं काहीबाही तो सांगतो.
नव्या ड्रॉइंगमध्ये ती नऊ इंचांची.
तेवढ्या फरकात एक बाथरूम निघतं,
साहेबांनी कालच ते हिशोबात धरलं.

वारसा यादीत नोंद नाही, असं पत्र आलंय.
अर्ध्या पानाचं.
फाटकावरच्या फ्लेक्सवर मात्र अकरा मजले उभे झालेत,
मागे निळंशार आभाळ
(आमच्याकडे मे महिन्यात ते पांढरं असतं)
आणि कुत्रा घेऊन चाललेलं कुठलंसं कुटुंब.
कॉटन हाइट्स.
गावात सगळ्यात उंच पाण्याची टाकी,
तिच्याआधी ही चिमणी.
चिमणी ठेवणार आहेत. तिला लाइटिंग करणार.
चंपत विचारतो, "मंग धूर?"
मी हसते. तो हसत नाही.

पत्रे उतरवायला लागले तेव्हा
कैच्यांवर साचलेली रुई खाली आली,
करडी, तेलकट, सावकाश.
बिहारची पोरं तोंडाला रुमाल बांधून खोकत राहिली.
तो खोकला मला लहानपणापासून पाठ आहे.

आई कुठे बसायची, हे मी कुणाला विचारलं नव्हतं.
चंपतच टेप ओढत गेला पूर्वेकडच्या रांगेत,
तिसऱ्या खांबाशी वाकला,
टोक फरशीवर दाबून धरलं.
"इथं पंचफुला. कवडी वेचाची.
अन् तू पायन्यात."
खांबाला वर लोखंडी कडी आहे अजून.
मी नकाशा उलगडला.
लिफ्टचा खड्डा.

दुपारी साहेबांना अडगळीत भोंगा सापडला.
चालतो का बघू, म्हणाले. कॉम्प्रेसर जोडला.
तो आधी नुसताच धापला,
मग गंज थुंकला,
आणि मग एकदम गावभर झाला.
टपरीवरचा माणूस बाहेर येऊन वर बघायला लागला,
जणू आवाज आभाळातून आला.
चंपतनं मनगटाकडे पाहिलं. घड्याळ नव्हतं.

घरी आले तर आई ओट्यावर तूर पाखडत होती.
म्हटलं, भोंगा ऐकला?
"ऐकला. आठ मिन्टं लेट.
चंपतनं लावला नसन."
पाडतायत, म्हटलं.
"पाडा म्हना. त्या शेडीत माहा घसा गेला.
तुमी त्याले वारसा म्हनता काय?"
सूप दोनदा आपटलं. भूस उडालं.
मग माझ्याकडे न बघताच :
"लिफ्ट बसवून राह्यले म्हंते.
मले एक डाव बसवजो त्याच्यात.
वरून वणा दिसन ना?"

दिसेल, म्हटलं.
दिसेल का, ते मी अजून काढलेलं नाही.
पाचव्या मजल्यापर्यंत टाकी आडवी येते.

रात्री मोजमाप वही उतरवली.
पूर्व रांग, खांब क्रमांक तीन.
बिडाचा. उंची चौदा फूट, परीघ दोन फूट एक इंच.
भंगाराचा भाव किलोवर.
शेऱ्याचा रकाना बाकी सगळ्या खांबांना कोरा आहे.
इथे लिहिलं :
कडी एक, लोखंडी, आतून झिजलेली.
काढताना मला कळवावे.